धुरपदाक्काचा सत्कार

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, भीमेचं पात्र दिवाळीतच उघडं पडलं होतं, आणि शिरूर-चौफुला रस्त्याला लागून असलेल्या बोरमळ्यात ज्याच्या विहिरीला पाणी त्याच्याच रानात फूल, अशी गत होती. धुरपदाच्या विहिरीला पाणी होतं. घरात माणूस मात्र नव्हतं.

साठी ओलांडलेली बाई. मूलबाळ झालं नाही. नवरा जालिंदर जाऊन चौदा वर्षं झाली होती. गावाच्या टोकाला पंधरा गुंठे गुलछडी आणि पत्र्याच्या दोन खोल्या, एवढा तिचा संसार. पहाटे कळ्या खुडायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, टेम्पोवाल्याच्या हवाली करायच्या. मग दिवस उगवायचा आणि तो संपता संपत नसे.

धुरपदा रंगानं गोरी. ते गोरेपणच तिच्या मुळावर आलं. तिशी उलटल्यापासून तिच्या नाकाच्या शेंड्यावर आणि दोन्ही गालांवर बारीक लाल-जांभळ्या शिरांचं जाळं उमटायला लागलं. ऊन लागो, चुलीची धग लागो, गरम चहाचा घोट घेवो, तोंड पेटल्यासारखं लाल व्हायचं आणि तासन्‌तास तसंच राहायचं. दुखत काही नसे. नुसतं दिसायचं.

तिच्या वडलांचंही तसंच होतं. यवतला त्यांचा मळा. फुलांच्या पाट्या घेऊन ते पहाटेच्या पॅसेंजरनं पुण्याला जायचे, तेव्हा धुरपदा त्यांचं धोतर धरून स्टेशनपर्यंत जायची. इंजिनाची वाफ, ओल्या शेवंतीचा वास आणि फलाटावरच्या दिव्याखाली वडलांचं लालबुंद तोंड, एवढं तिला अजून डोळ्यांपुढं दिसायचं. वडील माळकरी होते. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. लोक म्हणायचे, काय तेज आलंय बुवांच्या चेहऱ्यावर. तेच तेज लेकीच्या तोंडावर आलं, तेव्हा बोरमळ्यातले लोक म्हणाले, दारू पिते.

त्याला कारण घडलं होतं. जालिंदर प्यायचा. माणूस वाईट नव्हता. कलम करताना त्यानं बांधलेला गुलाबाचा डोळा सहसा मरत नसे, इतका हात हलका. पण दिवस कलला की पाय रस्त्यावरच्या देशी दुकानाकडं वळायचे. दिवेलागणीला धुरपदा त्याला आणायला जायची. दुकानाच्या मागच्या दारानं आत शिरायची, त्याचा हात स्वतःच्या गळ्यात घालून बाहेर यायची. त्यानं ओकून घाण केलेला पदर, लाल झालेलं तोंड आणि झोकांड्या खाणारी दोन माणसं. बघणाऱ्यांना कोण कुणाला सांभाळतंय ते कुठं कळायचं? दोघं मिळून बसतात, असं एकदा कुणी तरी म्हणालं आणि ते म्हणणं गावात मुरलं.

जालिंदर गेला. दोन वर्षांनी गावातल्या बायकांनी ते दुकान बंद करायचं ठरवलं. सर्जेराव पाटलांची सून नीलम पुढं झाली, घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. मतदान लागलं. उभी बाटली की आडवी बाटली. आडवीवर शिक्का मारला की दुकान जायचं. धुरपदाला वाटलं, ह्या कामात आपल्याएवढा हक्काचा माणूस कोण? ती धुतलेलं लुगडं नेसून मोर्च्याला गेली आणि पहिल्या रांगेत उभी राहिली. नीलमनं तिला हळूच बाजूला घेतलं. पेपरवाले फोटो काढायला आलेत, तेव्हा आक्का, तुम्ही जरा मागं थांबा, एवढंच म्हणाली. धुरपदा मागं थांबली. आडवी बाटली निवडून आली, गुलाल उधळला, दुकानाला कुलूप लागलं. धुरपदाचं मागं थांबणं मात्र तिथून जे सुरू झालं ते संपलं नाही. बचत गटात तिचं नाव घेतलं नाही. लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारचा पाट रिकामा राहायचा. कुणी बोलायला आलीच, तर बोलता बोलता तोंडाशी वाकून वास घेऊन जायची. धुरपदाला ते कळायचं. ती श्वास रोखून उभी राहायची, आणि त्यानंच संशय वाढायचा.

तोंडावर मात्र तिला कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

दोन हजार तेवीसच्या दिवाळीत ती बांधावरचा झेंडू घेऊन शिरूरला गेली. म्हातारी माणसं अजून घोडनदीच म्हणतात त्या गावाला. परतीच्या गाडीत तिच्या शेजारी एक परकी बाई तीन-चार वर्षांची पोर घेऊन बसली. पोर धुरपदाच्या गजऱ्याशी खेळायला लागली. उन्हात दिवसभर बसून धुरपदाचं तोंड भडकलेलं. त्या बाईनं तिच्याकडं पाहिलं, पोरीला उचललं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. पोरगी का म्हणून विचारायला लागली, तर आई दबक्या आवाजात म्हणाली, "ती प्यायलीय."

गावाचं एक वेळ सोसता येतं, गाव ओळखीचं असतं. पण ज्या बाईला धुरपदाचं नावही ठाऊक नाही, तिनंही तेच म्हणावं? त्या दिवशी धुरपदानं ठरवलं, एकदा तरी एका माणसाच्या तोंडून ऐकायचंच, की धुरपदा, तू प्यायलेली नाहीस.

तिच्या भावाची मुलगी ज्ञानेश्वरी शिरूरला कातडीच्या एका दवाखान्यात नंबर पुकारायच्या कामाला होती. वर्षभर आत्याच्या मागं लागली होती, एकदा डॉक्टरला दाखव म्हणून. धुरपदा गेली. डॉक्टरीण तरुण होती. भिंग लावून गाल पाहिले, केसपेपर पुढं ओढला आणि एकेक विचारत गेली. तिखट किती खाता? चुलीवर स्वयंपाक करता? घरात आणखी कुणाला आहे? मग त्याच सुरात म्हणाली, "आजी, दारू घेता का?"

धुरपदानं मोठ्या कष्टानं सांगितलं, "न्हाई."

डॉक्टरणीनं कागदावर 'नाही' लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच. इतकं सोपं होतं ते. धुरपदाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तेव्हा डॉक्टरणीला वाटलं, म्हातारी दवाखान्याला घाबरली.

डॉक्टरणीनं समजावलं ते असं. ह्याला रोझेशिया म्हणतात. चेहऱ्याच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून तशाच राहतात. पिणाऱ्याचा हा त्रास वाढतो, पण आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसालाही होतो, रक्तातून पुढं चालत येतो. लेझरचा प्रकाश कातडीला धक्का न लावता नेमका त्या शिरांतल्या रक्तावर पडतो आणि त्या आतल्या आत मिटवतो. तीन वेळा यावं लागेल. मशीन दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी पुण्याहून गाडीतून येतं. मुळातून जाणारं हे दुखणं नाही, पण बराच काळ निवळ राहील.

पहिल्या बुधवारी ती दवाखान्यातल्या पलंगावर सरळ पडली. डोळ्यांवर वाट्यांसारखं काही तरी झाकण ठेवलं. गार मलम लावलं. मग कुठून तरी टक्‌ असा आवाज यायचा आणि फोडणीच्या तेलाचा शिंतोडा उडाल्यासारखा गालाला चटका बसायचा, पाठोपाठ गार वारा. केस जळाल्याचा किंचित वास. टक्‌, चटका, वारा. धुरपदानं मुठी आवळून मनातल्या मनात गुलछडीच्या ओळी मोजल्या. सतराव्या ओळीपाशी डॉक्टरीण म्हणाली, "झालं."

आरशात पाहिलं तर गालांवर जांभळे डाग, करवंदं चिरडल्यासारखे. आठ-दहा दिवसांत जातील, उन्हात जाऊ नका, धगीपुढं बसू नका, असं सांगून तिला घरी पाठवलं.

आता इथं धुरपदाची चूक झाली, आणि ती चूक दुसऱ्या कुठल्या बाईची झाली नसती. गावाला खरं सांगून टाकायचं होतं. पण साठीची विधवा तोंड उजळून घ्यायला दवाखान्यात जाते, हे सांगायचं कसं? म्हातारपणी रंगायला निघाली, असं म्हटलं असतं सगळ्यांनी. 'पिते' म्हणण्यापेक्षाही तिला ते वाईट वाटलं. म्हणून तिनं दार लावून घेतलं. फुलं खुडायला ज्ञानेश्वरीचा भाऊ सुरज यवतहून यायचा. आक्का कुठं आहे म्हणून कुणी विचारलं, तर आजारी आहे, थंडी भरलीय, असं सांगायचा. धुरपदानंच पढवलं होतं. दहा दिवस ती आतल्या खोलीत बसून राहिली. असं तीन वेळा झालं.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिनं दार उघडलं. तोंड निवळलं होतं. नाक तर लहानपणचंच. पदर डोक्यावर घेऊन ती देवळापाशी आली, तेव्हा पारावरच्या बायकांचं बोलणं थांबलं. कुणी तरी सरकून जागा केली. बारा वर्षांनी.

पुढचे आठ-दहा दिवस धुरपदाच्या आयुष्यात माणसांनी भरलेले होते. कुणी चहाला बोलावलं, कुणी घुगऱ्यांची वाटी आणून दिली. बचत गटाच्या बैठकीत सतरंजीवर मधोमध बसवलं. मंगळवारच्या भजनात हातात टाळ दिले. घरी आल्यावर ती एकटीच हसायची. तोंडाचा लालपणा गेला, तसा लोकांच्या मनातला संशयही गेला, असंच तिला वाटलं. त्यांना कळलं, आपण चुकलो. ते बोलून दाखवायला लाजतात, एवढंच.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नीलम स्वतः घरी आली. आता ती नीलमताई झाली होती, महिला मंडळाची अध्यक्षा. बसली, पाणी प्याली, चहाही प्याली. धुरपदाच्या घरचा चहा. महिला दिनाला शाळेच्या मैदानावर कार्यक्रम आहे, त्यात तुमचा सत्कार ठेवलाय, म्हणाली.

"माझा? कशाचा वो ताई?"

नीलमताई हसली, धुरपदाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्हाला म्हाइती हाय की. उगं माझ्या तोंडनं कशाला वदवता?"

धुरपदाला वाटलं, ही माफी मागायचीच तऱ्हा असेल मोठ्या घरची.

आठ तारखेला सकाळी ती कळ्या खुडत होती, तेव्हा सोनम बांधावरून आली. सोनम म्हणजे शेजारच्या वस्तीवरची सून, दोन लेकरांची आई, पंचविशीची. दुकान गावातून गेलं तरी तिचा नवरा ज्योतिबा मोटारसायकलवर हायवेला जाऊन पिऊन यायचाच. ती कळ्या खुडायला लागली, आणि खुडता खुडता खाली मान घालून म्हणाली, "आक्का, एक इच्यारू का? रागवायचं न्हाई."

"इच्यार की."

"सुटली कशी वो तुमची?"

"काय सुटली?"

"आता माझ्यापशी कशाला लपवता. समद्या गावाला ठाव हाय. बुधवारी शिरूरला दारू सोडणाऱ्यांची बैठक भरती, तिथं जात व्हता तुम्ही. आन्‌ आल्यावर धा-धा दिस दार लावून पडायचा. सोडताना आसंच व्हतं म्हणं, आंग थरथरतं, ताप भरतो. लई सोसलं तुम्ही. नीलमताई म्हणत्यात, आक्कांनी करून दाखवलं, तर बाप्यांला का जमू ने? मला निस्तं सांगा, पैल्यांदा काय केलं? आमच्या ह्यांला सांगीन."

धुरपदाच्या ओंजळीतल्या कळ्या मातीत पडल्या. ती बांधावर बसली. बुधवार, दार, थंडी. सगळं कसं नीट जुळलं होतं. ती स्वतः गावात असती, तर तिनंही तेच म्हटलं असतं.

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. सोनम खुशीत गेली.

दिवसभर धुरपदानं अन्नाला हात लावला नाही. एक गोष्ट तिला स्वच्छ दिसत होती. खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं, शाल घ्यायची, नमस्कार करायचा. मग सतरंजीवरची जागा आपली, टाळ आपले, घुगऱ्यांची वाटी आपली. मरेपर्यंत माणसं येत राहतील. आणि तोंड उघडलं, तर पुन्हा हे पत्र्याचं घर आणि त्यातला न संपणारा दिवस. पण गप्प राहणं म्हणजे इतकी वर्षं आपण पीत होतो हे कबूल करणं. डॉक्टरणीनं कागदावर जे लिहिलं, ते आपल्याच हातानं खोडणं.

मैदानावर मंडप होता, खुर्च्या होत्या, तालुक्याहून पाहुणे आले होते. व्यासपीठामागं मोठा फ्लेक्स. त्यावर धुरपदाचा भजनातला फोटो, कधी काढला कुणास ठाऊक, आणि खाली 'व्यसनावर मात करणाऱ्या रणरागिणी'. फोटोत तिचं तोंड निवळ होतं, हसत होतं. आपण इतक्या चांगल्या दिसतो, हे तिला तिथं उभं राहून पहिल्यांदा कळलं.

नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. नीलमताईनं शाल पांघरली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणून माईक तोंडापुढं धरला. समोर दुसऱ्या रांगेत सोनम, मांडीवर लेकरू.

धुरपदा म्हणाली, "मी कवाच प्याले न्हाई."

तिनं माईक आणखी जवळ ओढला.

"माझं त्वांड लाल व्हतं ते शिरांनी. माझ्या बापाचं बी तसंच व्हतं. शिरूरच्या दवाखान्यात लेझर करून घेतलं, तवा निवळलं. बुधवारी मी तिथं जायचे. आन्‌ त्वांड काळंनिळं व्हायचं म्हणून दार लावून बसायचे. मालक प्यायचे. मी त्यांला आणायला जायचे. मी न्हाई प्याले."

मागच्या रांगेत कुणी तरी पुरुष फिसकन हसला. "लेझर म्हणं." दोघी-तिघी बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. नीलमताई मात्र जराही गडबडली नाही. माईक आपल्याकडं घेऊन ती म्हणाली, आपल्या आक्का स्वभावानं लाजाळू आहेत, झालंगेलं त्यांनी मागं टाकलंय, आपणही उकरायचं नाही, एकदा जोरात टाळ्या होऊन जाऊ द्या. पुन्हा टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या.

धुरपदा माईकशिवायच म्हणाली, "ताई, खरंच मी प्याले न्हाई वो."

नीलमताई तिच्या कानाशी वाकली. आवाजात माया होती, ती खोटी नव्हती. "आक्का, आता कशाला? आम्ही समद्यांनी माफ केलंय की तुम्हाला."

धुरपदानं खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, घडीवर नारळ ठेवला आणि दोन्ही खुर्चीवर ठेवून ती पायऱ्या उतरली. कुणी अडवलं नाही. खुर्च्यांमधल्या वाटेनं ती बाहेर पडली तेव्हा बायका अंग चोरून बसल्या होत्या.

रस्त्यावर मागून सोनम धावत आली. लेकराला काखेत घेऊन तिला धाप लागली होती.

"खरंच न्हाई प्याला कवा?"

"न्हाई."

सोनमनं तिच्याकडं नीट पाहिलं, आणि तिला पटलं. बोरमळ्यात ते पटलेलं हे पहिलं माणूस. पण पटल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. "प्याला आसता तर बरं झालं आसतं," ती म्हणाली. "मंग आमच्या ह्यांचं कसं वो?"

धुरपदाला ज्या वाक्याची आस होती ते हे नव्हतं. तरी तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या मालकाची सुटली न्हाई. एकुणीस वर्सं मी त्यांला दुकानातनं घरी आणलं. त्यांला वाटायचं, आणायला कुणी तरी हाय. तू आणायला जाऊ नगंस."  सोनम मंडपाकडं वळली. जेवणाच्या पंगती बसत होत्या.

पुढं गावानं दोन्ही गोष्टी धरल्या. आक्का प्यायची, सोडली, आणि वर तोंडही रंगवून आली. सत्काराची शाल टाकून गेली म्हणून माजोरी हे तिसरं. सतरंजीवर मग तिला कुणी बोलावलं नाही आणि ती आपण होऊन गेली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात डाव्या गालावर पुन्हा बारीक शिरा दिसायला लागल्या. परत लागली बाई, असं बायका म्हणाल्या. ज्ञानेश्वरीनं फोनवर पुन्हा बुधवारी यायचा आग्रह केला, पण धुरपदा नाही गेली. कुणासाठी जायचं, एवढंच म्हणाली.

ती डॉक्टरीण लग्न करून नाशिकला गेली आणि शिरूरला मशीन यायचं बंद झालं. ज्ञानेश्वरीला दौंडच्या रेल्वेतल्या मुलानं पसंत केलं; तिथं क्वार्टरमध्ये राहते, आत्याला दोन-चार दिवसांनी फोन करते. सुरजनं यवतला रोपवाटिका काढली. नीलमताई सोसायटीवर संचालक झाल्या, आणि व्यसनमुक्तीवर बोलायला त्यांना दूरदूरच्या गावांहून बोलावणी येतात. सोनमनं नवऱ्याला आणायला जायचं बंद केलं. एका थंडीत तो रस्त्याकडेला पडून राहिला, वाचला, सुधारला नाही. ती लेकरं घेऊन रांजणगावला कंपनीत लागली आणि तिथंच खोली करून राहिली. एकदा पेढे घेऊन धुरपदाकडं आली होती, लेकाला शाळेत घातला म्हणून.

धुरपदा अजून बोरमळ्यातच आहे. आठवड्याच्या बाजाराला चौफुल्यावरून गाडी बदलून यवतला जाते, फुलांची पाटी मांडून बसते. शेजारी पाट्या मांडणाऱ्या परगावच्या बायकांना तिचं गाव माहीत नाही, नावही नाही; त्या तिला खेटून बसतात. फुलं दुपारपर्यंत संपतात. ती मात्र शेवटच्या गाडीपर्यंत तिथंच बसून राहते.